लॅपटॉप किती वर्षं टिकेल, हे विकत घेण्याआधी कसं ओळखायचं

पहिल्यांदा लॅपटॉप घेणाऱ्याला सगळे तेच तीन प्रश्न विचारायला शिकवतात. प्रोसेसर कोणता, रॅम किती, एसएसडी (फाइल साठवणारा भाग) किती जीबीचा? प्रश्न बरोबर आहेत. पण त्यांच्या उत्तरांवरून लॅपटॉप पहिल्या दिवशी कसा चालेल एवढंच कळतं. चौथ्या वर्षी झाकण उघडताना कडकड आवाज येईल का, चार्जिंगची पिन सैल पडेल का, बॅटरी सहज बदलता येईल का, याबद्दल तो माहितीचा कागद काहीच बोलत नाही.

माझा पहिला लॅपटॉप तिसऱ्या वर्षी गेला तेव्हा त्याचा प्रोसेसर ठणठणीत होता. गेला होता डाव्या बाजूचा हिंज, म्हणजे झाकणाची बिजागरी. खालचं कव्हर काढून पाहिलं तर हिंजचा लोखंडी पाय शाबूत, त्याचे तिन्ही स्क्रू शाबूत. ज्या पितळी नटांमध्ये ते स्क्रू बसवलेले होते, तेही स्क्रूला घट्ट धरून होते. फक्त त्या नटांभोवतीचं प्लास्टिक, नखाएवढे तीन तुकडे, बॉडीपासून उखडून आलं होतं. एवढ्याशा प्लास्टिकमुळे अख्खं यंत्र निकामी झालं. तेव्हापासून लॅपटॉप निवडताना मी आधी बांधणी पाहतो आणि मग आकडे. ही बांधणी नवख्या माणसालाही पारखता येते, त्यासाठी इंजिनिअर असावं लागत नाही. एका संध्याकाळी घरी बसून थोडं वाचायचं आणि दुकानात दहा मिनिटं हात लावून पाहायचं, एवढंच काम आहे.

पायरी १ : कंपनी सोडा, मालिका पाहा

‘अमुक कंपनीचे लॅपटॉप चांगले असतात’ हे वाक्य फारसं उपयोगाचं नाही. एकच कंपनी अगदी भक्कम आणि अगदी तकलादू अशी दोन्ही यंत्रं बनवते. लेनोवोची थिंकपॅड आणि आयडियापॅड, डेलची लॅटिट्यूड आणि इन्स्पिरॉन, एचपीची एलिटबुक आणि पॅव्हिलियन या जोड्यांमध्ये पहिलं नाव कार्यालयांसाठीच्या मालिकेचं आहे, दुसरं घरगुती मालिकेचं. (डेलने २०२५पासून नावं बदलली. नव्या यंत्रांवर लॅटिट्यूडऐवजी ‘डेल प्रो’ दिसेल.)

कार्यालयीन मालिका जास्त का टिकतात, यामागे साधा व्यवहार आहे. मोठी संस्था एका वेळी शेकडो यंत्रं घेते आणि सोबत तीन-तीन वर्षांचा दुरुस्तीचा करार करते. बिघाड झाला की तंत्रज्ञ पाठवायचा खर्च बनवणाऱ्याच्याच अंगावर येतो. मग हिंज मजबूत करणं, कीबोर्ड चटकन बदलता येईल असा बसवणं, सुटे भाग बरीच वर्षं ठेवणं, हे सगळं त्याच्याच फायद्याचं ठरतं. घरगुती मालिकेत गिऱ्हाईक फोटो आणि आकडे पाहून निवडतं, त्यामुळे पैसा स्क्रीन आणि प्रोसेसरवर खर्च होतो. कात्री लागते ती आतल्या चौकटीला.

याचा अर्थ घरगुती मालिका घेऊच नये असा नाही. त्यातही वरच्या श्रेणीची यंत्रं उत्तम असतात आणि कार्यालयीन मालिकांतही खालच्या पायऱ्या असतात. थिंकपॅडची ‘ई’ मालिका ‘टी’ मालिकेपेक्षा कमी खर्चात बनवलेली असते, नाव दोन्हीकडे थिंकपॅडच. म्हणून पूर्ण मॉडेल क्रमांक आणि ‘जनरेशन’ लिहून घ्या. एकाच नावाखाली दरवर्षी वेगळं यंत्र येतं. गेल्या वर्षी रॅम बदलता येत होती, यंदा ती मदरबोर्डवरच (यंत्राच्या मुख्य बोर्डावर) सोल्डर केली आहे, म्हणजे डाग देऊन कायमची जोडली आहे, असं सर्रास होतं.

पायरी २ : विकत घेण्याआधी सर्व्हिस मॅन्युअल वाचा

संपूर्ण लेखातलं एकच काम करायचं असेल तर हे करा. जाहिरात लॅपटॉप बाहेरून दाखवते. सर्व्हिस मॅन्युअल तो उघडून दाखवतं. ते तंत्रज्ञासाठी लिहिलेलं असतं, त्यामुळे त्यात स्तुती नसते. कोणता स्क्रू कुठे, कोणता भाग काढायला आधी काय काढावं लागतं, एवढंच असतं. लेनोवो त्याला ‘हार्डवेअर मेंटेनन्स मॅन्युअल’ म्हणते, एचपी ‘मेंटेनन्स अँड सर्व्हिस गाइड’, डेल ‘सर्व्हिस मॅन्युअल’. मॉडेल क्रमांकासोबत यातले शब्द शोधले की फाइल फुकट मिळते. ॲपलनेही एप्रिल २०२२पासून काही उपकरणांची दुरुस्ती-पुस्तिका सगळ्यांसाठी खुली करायला सुरुवात केली.

शंभर-दीडशे पानं पाहून घाबरू नका. चित्रं पाहायची आहेत, आणि तीही पाच-सहा ठिकाणची.

सुरुवात बॅटरीपासून करा. खालचं कव्हर काढलं, चार-पाच स्क्रू काढले आणि बॅटरी बाहेर आली, असं असेल तर छान. चित्रात चिकटपट्ट्या ओढून काढायला सांगितलं असेल किंवा बॅटरी वरच्या कव्हरसकटच बदलायला सांगितली असेल, तर तीन-चार वर्षांनी खर्च वाढणार हे धरून चाला. कारण बॅटरी कधी ना कधी बदलावी लागतेच.

मग कीबोर्ड. काही यंत्रांत कीबोर्ड वरून किंवा आतून स्क्रूने बसवलेला असतो आणि एकटा बदलता येतो. बऱ्याच पातळ यंत्रांत तो वरच्या कव्हरला प्लास्टिकच्या छोट्या छोट्या टाचणीसारख्या खुंट्या वितळवून कायमचा जोडलेला असतो. अशा यंत्रात एक बटण बिघडलं तरी सर्व्हिस सेंटर अख्खं वरचं कव्हर बदलायला सांगतं.

तिसरं, चार्जिंगचं सॉकेट. ते छोट्या वेगळ्या बोर्डावर किंवा वायरवर असेल तर बदलणं किरकोळ काम आहे. मदरबोर्डवरच सोल्डर केलेलं असेल तर ते नीट काढून बसवायला कुशल हात लागतो, आणि अनेक सर्व्हिस सेंटर त्या फंदात न पडता मदरबोर्ड बदलण्याचाच सल्ला देतात.

पंख्याचं चित्रही पाहा. धूळ साफ करायला खालचं कव्हर काढणं पुरतं की मदरबोर्ड उचकटावा लागतो? पुढे रॅम आणि एसएसडी स्लॉटमध्ये आहेत की सोल्डर केलेले, हे पाहून घ्या. एसएसडी सुटा असण्याचा फायदा मोठा आहे. मदरबोर्ड मेला तरी एसएसडी काढून दुसऱ्या यंत्राला लावून आपल्या फाइल परत मिळवता येतात. (काही यंत्रांत माहिती आपोआप कुलूपबंद, म्हणजे एन्क्रिप्ट केलेली असते. तिची ‘रिकव्हरी की’, म्हणजे ते कुलूप उघडणारा संकेतांक, आधीच जपून ठेवा.) एसएसडी झिजून संपेल ही भीती मात्र सोडून द्या. २५० जीबीच्या अनेक एसएसडींना १५० टेराबाइट लिहिण्याची हमी असते. दिवसाला २० जीबी लिहिलं तरी तो आकडा गाठायला वीस वर्षं लागतील.

मॅन्युअल कुठेच सापडलं नाही, तर तीही एक माहितीच आहे. जे उघडून दुरुस्त करावं असं बनवणाऱ्यालाच वाटत नाही, ते आपल्याला महागात पडतं.

फ्रान्समध्ये १ जानेवारी २०२१पासून लॅपटॉपवर दुरुस्ती-निर्देशांक छापणं बंधनकारक झालं. दहापैकी गुण असतात. दुरुस्तीची कागदपत्रं मिळतात का, यंत्र किती सहज उघडतं, सुटे भाग मिळतात का आणि त्यांची किंमत काय, यावरून ते ठरतात. गुण कंपनी स्वतःच मोजते, त्यामुळे ते ब्रह्मवाक्य मानू नका. तरी दोन मॉडेलांत अडला असाल, तर हे गुण कुठूनही शोधून पाहता येतात.

पायरी ३ : हातात घेऊन पाहा, आणि सुरुवात हिंजपासून करा

हिंजबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण त्याचं काम कसं चालतं हे कळलं की काय पाहायचं ते आपोआप सुचतं.

झाकण तुम्ही जिथे सोडाल तिथेच थांबतं, ते घर्षणामुळे. हिंजमध्ये एका दांड्यावर धातूची पट्टी घट्ट आवळलेली असते आणि मध्ये ग्रीस असतं. झाकण उघडताना तुम्ही त्या घर्षणावर जोर लावता. तो सगळा जोर हिंजच्या पायातून तीन-चार स्क्रूंवर आणि तिथून बॉडीवर जातो. स्क्रू धातूच्या चौकटीत असतील तर चिंता नाही. स्वस्त बांधणीत प्लास्टिकच्या खुंटीत पितळी नट गरम करून दाबलेला असतो. वर्षं गेली की ग्रीस सुकतं, हिंज कडक होतो, जोर वाढतो, आणि प्लास्टिक दमतं. त्यात झाकण रोज एका कोपऱ्याला धरून उघडायची सवय असेल तर सगळा भार एकाच बाजूला येतो.

आता दुकानात काय करायचं? लॅपटॉप टेबलावर ठेवा. खाली वाका आणि डोळे हिंजच्या उंचीवर आणा. एका बोटाने, मधोमध धरून, झाकण सावकाश उघडा. नजर झाकणावर नको, मागच्या कोपऱ्यावर हवी. तिथे वरचं आणि खालचं कव्हर जुळतं त्या फटीत बदल होतोय का? झाकण उचलताना फट केसभर जरी रुंदावली आणि झाकण थांबल्यावर मिटली, तर हिंज बॉडीला ओढतोय. नव्या यंत्रातच असं दिसत असेल तर ते ठेवून द्या.

मग झाकण मुद्दाम एका कोपऱ्याला धरून उघडा. ते पिळवटून दुसरी बाजू मागे राहत असेल तर झाकण लवचिक आहे आणि स्क्रीनवर ताण येणार. पाऊण उघडून सोडा, ते घसरायला नको. शेवटी टेबलावर मूठ हलकेच आपटा. स्क्रीन थरथरणारच, पण क्षणात शांत व्हायला हवी. रेल्वेत, बसमध्ये काम करणाऱ्यांनी हे जरूर पाहावं.

एका बोटाने झाकण उघडतंय आणि खालचा भाग टेबलावरून उचलला जात नाही, हे चांगलं लक्षण मानतात. मीही मानतो, पण फार सैल हिंजही असंच वागतो. म्हणून वरच्या सगळ्या परीक्षा एकत्र करा.

आता उरलेली बॉडी. लॅपटॉप उघडा ठेवून पुढच्या एका कोपऱ्याला धरून उचला. कुरकुर ऐकू आली तर आतली चौकट कमजोर आहे. कीबोर्डच्या मधोमध, ‘जी’ आणि ‘एच’च्या आसपास, टायपिंगपेक्षा थोड्या जास्त जोराने दाबा. जरासं दबणं चालतं, गादीसारखं खोल जाणं नाही. तळहात टेकतात त्या जागी दाबल्यावर टचपॅडचं क्लिक आपोआप वाजलं तर रोज चिडचिड होईल. झाकण बंद करून पाठीवर हलका दाब द्या. भरलेल्या बॅगेत स्क्रीनवर असाच दाब येतो. पाठ सहज खोल जात असेल तर कीबोर्डच्या खुणा स्क्रीनवर उमटणार. (कॅमेऱ्यावर चिकटवायची सरकती झाकणी लावू नका. झाकण आणि कीबोर्डमधली जागा इतकी थोडी असते की त्या जाडीनेही काच तडकते. ॲपलने २०२०मध्ये आपल्या लॅपटॉपबद्दल तशी स्पष्ट सूचना दिली होती.)

पोर्टमध्ये पेनड्राइव्ह किंवा केबल घालून अगदी हलकं वरखाली करून पाहा. सॉकेट बॉडीसोबत घट्ट राहायला हवं. यूएसबी-सीचं सॉकेट १०,००० वेळा काढ-घाल सहन करेल अशा मानकाने बनतं. दिवसातून दोनदा धरलं तर तेरा वर्षांहून जास्त झाले. म्हणजे ते घालून-काढून सहसा मरत नाही. मरतं ते आडव्या ओढीने, केबल लावलेला लॅपटॉप मांडीवर घेतल्याने, वायरीत पाय अडकल्याने. म्हणून दोन्ही बाजूंना चार्ज होऊ शकणारे पोर्ट असतील तर मी त्या यंत्राला झुकतं माप देतो. एक गेला तरी दुसऱ्यावर काम चालतं.

धातू म्हणजे मजबूत, हे कितपत खरं?

‘मेटल बॉडी’ या शब्दांवर बरीच यंत्रं खपतात. पण ॲल्युमिनियम दोन प्रकारे वापरलं जातं. एकात धातूच्या अखंड ठोकळ्यातून कोरून चौकट काढतात. ॲपलने ऑक्टोबर २००८मध्ये मॅकबुक प्रो असा आणला आणि ती पद्धत प्रसिद्ध झाली. दुसऱ्यात पातळ पत्रा दाबून प्लास्टिकच्या चौकटीवर चढवतात. बाहेरून दोन्ही सारखेच चमकतात. दुसऱ्या प्रकारात हिंजचे स्क्रू अखेर प्लास्टिकमध्येच असू शकतात. बऱ्याचदा धातू फक्त झाकणाला असतो आणि खालचा भाग धातूच्या रंगाचा प्लास्टिक असतो. उलटा करून हात लावा, धातू थंड लागतो.

उलट काळा, साधा, प्लास्टिकसारखा दिसणारा लॅपटॉप आतून मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचा असू शकतो. काचतंतू मिसळलेलं चांगलं प्लास्टिकही कमी लेखू नका. ॲल्युमिनियमचा कोपरा आपटला की पोचा कायम राहतो, प्लास्टिक वाकून पूर्ववत होतं. कोणता पदार्थ आहे यापेक्षा हिंजचे स्क्रू कशात बसलेत, हा प्रश्न मोठा. त्याचं उत्तर पुन्हा मॅन्युअलमधल्या चित्रात आहे.

लष्करी चाचणीचा शिक्का

खोक्यावर ‘एमआयएल-एसटीडी-८१०’ दिसलं की नवखा माणूस निर्धास्त होतो. हे अमेरिकेच्या संरक्षण खात्याचं चाचणीपद्धतींचं मानक आहे. पहिली आवृत्ती १९६२ची, ‘एच’ आवृत्ती २०१९ची. उष्णता, दमटपणा, धूळ, हादरे, उंचावरून पडणं अशा अनेक चाचण्या कशा घ्याव्यात हे त्यात सांगितलेलं आहे. पण त्यातल्या कोणत्या घ्यायच्या आणि किती कडक, हे कंपनी ठरवते. प्रमाणपत्र देणारी कुठलीही मध्यवर्ती संस्था नाही. म्हणून शिक्क्यावर थांबू नका. कंपनीने कोणत्या चाचण्या केल्या त्याची यादी दिली आहे का, ते शोधा. यादी असेल आणि त्यात हिंज किती हजार वेळा उघडझाप केला तेही लिहिलं असेल, तर त्या कंपनीने काम मनावर घेतलं आहे असं मी समजतो. ‘लष्करी दर्जा’ एवढेच दोन शब्द असतील तर त्यांना काही वजन नाही.

पायरी ४ : उष्णता

इलेक्ट्रॉनिक यंत्राचं आयुष्य खाते ती उष्णता, आणि त्यातही सततचं तापणं-थंड होणं. चिप तापली की ती आणि तिच्याखालचा बोर्ड वेगवेगळ्या प्रमाणात फुगतात. त्यांना जोडणारे सोल्डरचे सूक्ष्म थेंब प्रत्येक वेळी ताणले जातात आणि हळूहळू त्यांना भेगा पडतात. हे किती मोठ्या प्रमाणावर होऊ शकतं ते २००८मध्ये दिसलं. एनव्हिडियाने त्या जुलैत जाहीर केलं की लॅपटॉपमधल्या काही ग्राफिक्स चिप नेहमीपेक्षा जास्त प्रमाणात बंद पडत आहेत, आणि दुरुस्ती व बदलीसाठी १५ ते २० कोटी डॉलर बाजूला काढले. चिपच्या वेष्टणातलं साहित्य कमकुवत ठरलं होतं. अनेक नामवंत कंपन्यांची यंत्रं त्यात सापडली.

अशी आतली खोट आपल्याला दुकानात ओळखता येत नाही. पण यंत्र किती तापतं हे ओळखता येतं. सविस्तर परीक्षणांत अर्धा-एक तास पूर्ण भार दिल्यावरचे आकडे असतात, ते वाचा. प्रोसेसर ९०-१०० अंशांवर जाऊन स्वतःचा वेग कमी करणं हे आजकाल बऱ्याच पातळ यंत्रांत होतं आणि त्याने तो लगेच जळत नाही. पण एकच प्रोसेसर दोन यंत्रांत असेल आणि एकात तो ७५ अंशांवर, दुसऱ्यात ९८ अंशांवर राहत असेल, तर मी दुसऱ्याकडे पाहणारही नाही. हवा आत घ्यायची जाळी फक्त तळाला असेल तर गादीवर, उशीवर ठेवून काम करणाऱ्यांनी ते यंत्र टाळावं.

पायरी ५ : बॅटरी

लिथियम-आयन बॅटरी पहिल्या दिवसापासून झिजते. साधारण ३०० ते ५०० पूर्ण चार्जनंतर मूळ क्षमतेच्या सुमारे ८० टक्के उरणं ही बऱ्याच बॅटऱ्यांची रीत आहे. चांगल्या बॅटऱ्या १,००० चार्जपर्यंत जातात, ॲपल आपल्या अलीकडच्या लॅपटॉपसाठी हाच आकडा देते. तासांच्या दाव्यापेक्षा ‘वॉट-अवर’, म्हणजे बॅटरीत किती ऊर्जा मावते तो आकडा, पाहा. तोच खरा आकडा, तास वापरावर ठरतात.

चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायची सोय आहे का, हे नक्की विचारा. दिवसभर प्लग लावून बसणाऱ्याच्या बॅटरीला त्याने खूप आराम मिळतो. पूर्ण भरलेली आणि सतत तापलेली बॅटरी लवकर म्हातारी होते, कधीकधी फुगतेही. टचपॅड एका बाजूने वर आलं किंवा यंत्र टेबलावर डुलायला लागलं, तर ते बंद करा, चार्जिंग काढा आणि बॅटरी बदलेपर्यंत वापरू नका. फुगलेल्या बॅटरीला टोचू किंवा दाबू नका, ती पेट घेऊ शकते.

पायरी ६ : दुसऱ्यांचे अनुभव वाचायची पद्धत

नवा लॅपटॉप बाजारात आला की पहिल्या आठवड्यातच परीक्षणं येतात. स्क्रीन, वेग, आवाज यासाठी ती उत्तम. टिकाऊपणाबद्दल ती काहीच सांगू शकत नाहीत, कारण परीक्षकाने यंत्र फार तर दोन आठवडे वापरलेलं असतं. ॲपलच्या ‘बटरफ्लाय’ कीबोर्डचं उदाहरण आहेच. २०१५मध्ये तो आला तेव्हा पातळपणाचं कौतुक झालं. बारीक कण अडकून बटणं बंद पडतात किंवा एकदा दाबल्यावर दोनदा उमटतात, ही तक्रार वाढत गेली, जून २०१८मध्ये कंपनीला मोफत दुरुस्तीची योजना जाहीर करावी लागली, आणि नोव्हेंबर २०१९च्या १६ इंची मॅकबुक प्रोपासून ती रचना मागे घ्यायला सुरुवात झाली. बाकी बांधणी सुरेख असलेल्या यंत्रात एक नवा, न तावलेला-सुलाखलेला भाग काय करू शकतो, ते यातून दिसतं.

म्हणून मॉडेलच्या नावापुढे ‘हिंज’, ‘चार्जिंग पोर्ट’, ‘मदरबोर्ड’ असे शब्द घालून शोधा आणि सहा महिन्यांनंतर लिहिलेलं वाचा. एकाने रागाने लिहिलेली मोठी तक्रार बाजूला ठेवा. दहा अनोळखी लोकांनी तोच कोपरा, तोच आवाज, साधारण तोच महिना सांगितला असेल, तर तिथे खोट आहे. घाई नसेल तर अगदी ताज्या मॉडेलऐवजी वर्षभर विकलं गेलेलं मॉडेल घ्यावं असं माझं मत आहे. त्याचे दोष तोवर बाहेर आलेले असतात.

कंपन्यांच्या क्रमवाऱ्यांबद्दल थोडं. २००९मध्ये वॉरंटी विकणाऱ्या स्क्वेअरट्रेड या कंपनीने सुमारे ३०,००० लॅपटॉपांची आकडेवारी काढली होती. तीन वर्षांत जवळपास एक तृतीयांश यंत्रांना काही ना काही झालं, असा अंदाज निघाला. त्यातला दोन तृतीयांश भाग यंत्रातल्या बिघाडाचा, उरलेला हातून पडणं-सांडणं अशा अपघातांचा. ती कंपनी वॉरंटी विकत होती हे ध्यानात ठेवून हे आकडे वाचावेत, आणि त्यातला कंपन्यांचा क्रम आज निरुपयोगी आहे. मला त्यातलं अपघातांचं प्रमाण महत्त्वाचं वाटतं. कितीही भक्कम यंत्र घेतलं तरी कीबोर्डवर पाणी सांडू शकतं. कीबोर्डखाली पाणी वाहून जायची वाट ठेवली आहे का, हे म्हणूनच विचारण्यासारखं आहे.

पायरी ७ : वॉरंटीचा बारीक मजकूर

तीन गोष्टी वाचा. तंत्रज्ञ घरी येतो की यंत्र घेऊन जावं लागतं. बॅटरीची वॉरंटी वेगळी आहे का (यंत्राची तीन वर्षं असली तरी बॅटरीची अनेकदा एकच असते). आणि पडणं-सांडणं तिच्यात धरलंय का, साध्या वॉरंटीत ते नसतंच. हिंज तुटला की ‘ग्राहकाने जोर लावला’ असं म्हणून हात झटकले जातात, त्यामुळे फट दिसू लागली त्याच दिवशी फोटो काढून तक्रार नोंदवा. पूर्ण तुटेपर्यंत थांबलात तर आतली स्क्रीनची केबलही जाते आणि दोष कुणाचा हे सिद्ध करणं अवघड होतं.

पायरी ८ : परत करायची मुदत संपण्याआधी

लॅपटॉप घरी आला की पहिले तीन-चार दिवस त्याला भरपूर राबवा. कारखान्यातून राहून गेलेले दोष बहुधा सुरुवातीलाच डोकं वर काढतात. प्रत्येक बटण टाइप करून पाहा. प्रत्येक पोर्टमध्ये काहीतरी लावा. खोलीत अंधार करून स्क्रीनवर पूर्ण काळं, मग पूर्ण पांढरं, लाल, हिरवं, निळं चित्र लावा. मेलेला ठिपका किंवा कडेने झिरपणारा प्रकाश तेव्हाच दिसतो. तासभर जड काम देऊन पंख्याला कान लावा. वाऱ्याचा आवाज ठीक, घरघर किंवा टिकटिक नको. रात्री चार्ज करून झाकण बंद करून ठेवा आणि सकाळी किती टक्के उरले ते पाहा. मोठी घट असेल तर यंत्र नीट झोपत नाही, आणि बॅगेत बंद असतानाही तापत राहील.

विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘पॉवरसीएफजी स्लॅश बॅटरीरिपोर्ट’ (powercfg /batteryreport) ही आज्ञा इंग्रजीत टाइप केली की एक अहवाल तयार होतो. त्यात ‘डिझाइन कपॅसिटी’ आणि ‘फुल चार्ज कपॅसिटी’ असे दोन आकडे शेजारी शेजारी असतात. नव्या यंत्रात ते जवळजवळ सारखे हवेत. दुसरा आकडा बराच कमी असेल तर यंत्र खूप दिवस पडून होतं किंवा आधी वापरलेलं आहे, तर लगेच बदलून मागा. वापरलेला लॅपटॉप घेतानाही हाच अहवाल विक्रेत्यासमोर काढा.

तळाच्या स्टिकरचा स्पष्ट फोटो आजच काढून बिलासोबत ठेवा. घासून आणि तापून त्यावरची अक्षरं दोन-तीन वर्षांत पुसट होतात, आणि दुरुस्तीला फोन केला की पहिल्यांदा तोच सिरियल नंबर विचारतात.